हाताला गुण

९ सप्टेंबर, मंगळवार

रेखा पुण्याहून परतली. बॅगेतून भाकरवडीपेक्षा औषधंच जास्त निघाली. इथे तोक्योत, आमच्या ओजिमातल्या बायकांचा हा शिरस्ताच आहे. जी भारतात जाईल तिने सगळ्यांची औषधं आणायची आणि माझ्याकडे आणून टाकायची. नियम महिन्याभराच्या औषधांचा आहे, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण विमानतळावर काहीच ठाऊक नसल्यासारखा चेहरा करून बाहेर पडण्यात रेखाचा हात धरणारं कोणी नाही.

माझ्याकडेच का, तर सांगलीला दादांचं, म्हणजे वडिलांचं, मेडिकल होतं आणि लग्नाआधी मी काउंटरवर बसत असे. डॉक्टरांची अक्षरं दादांच्या आधी मला लागायची. इथल्या दवाखान्यात जायचं म्हणजे आधी जपानीत दुखणं सांगा, मग डॉक्टर चिमूटभर औषधाच्या पुड्या देणार. त्यापेक्षा बायका माझी बेल वाजवतात. हे बँकेतून आले की बूट काढता काढता विचारतात, "आज ओपीडी किती?" विचारू देत. माझ्या हाताला गुण आहे हे सगळी कॉलनी म्हणते.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या सुआदताई आल्या. त्यांची-माझी ओळख कचऱ्यामुळे. प्लॅस्टिकच्या वारी त्यांनी दुसराच कचरा ठेवला म्हणून कोणीतरी त्यांची पिशवी परत दाराशी आणून ठेवली होती. बाई बिचाऱ्या पिशवीकडे बघत उभ्या. कोणत्या वारी काय ठेवायचं ते मी शिकवलं. त्या पॅलेस्टिनी. जन्म लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीत, तिथल्याच शाळेत लहान मुलांना शिकवायच्या, त्यामुळे इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. मुलगी हनान इथे युनिव्हर्सिटीत शिकते. तिला भेटायला म्हणून आल्या आणि राहिल्या. मला त्या 'उम्म पुष्कर' म्हणतात. उम्म म्हणजे आई. आपल्याकडे पुष्करची आई म्हणतात तसंच. आमचा पुष्कर नागोयाला गाड्यांच्या कंपनीत आहे. त्याला हे सांगितलं तर फोनवर नुसता हसला.

आमच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या आणि सातव्यालाच थांबते आणि आम्ही पाचव्यावर, त्यामुळे ताई जिन्याने आल्या होत्या. गुडघे इतके दुखत होते की खुर्चीवर बसताना डोळ्यांत पाणी. त्यांना जोराची पेनकिलर दिली, सकाळ-दुपार-संध्याकाळ, जेवणानंतर. दुखणं मुरलेलं असलं की हात आखडता घेऊन भागत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

सुआदताई आज सरळ चालत आल्या. सोबत थाइम आणि तीळ घातलेली रोटी. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, कितीतरी महिन्यांनी झोप लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आणखी पट्ट्या दिल्या.

चहा मात्र अर्धाच प्यायल्या. म्हणाल्या, हल्ली सगळ्याला लोखंडासारखी चव लागते. आणि पावलं सुजलेली. बोट दाबलं तर खळगा राहतो. मी म्हटलं, मीठ कमी करा, पाय उशीवर ठेवा. मग सहज विचारलं, इतकं दुखत होतं तर डॉक्टरकडे का गेला नाहीत? त्या हसल्या आणि रोटीची रेसिपी सांगायला लागल्या. बायकांना डॉक्टर नकोच असतो, आमच्या आईचंही तेच.

१ ऑक्टोबर, बुधवार

हनान भेटली, कॉन्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, कामावरून परत येताना. तिला जरा झापलंच, आईला एकदा तपासून का आणत नाहीस म्हणून. ती जिन्यातच बसली आणि सगळं बोलली.

आईचा आश्रयाचा अर्ज नाकारलाय. अपील चालू आहे. तोवर 'करीहोमेन', म्हणजे तात्पुरती मोकळीक. डिटेन्शन सेंटरच्या बाहेर राहू देतात, एवढंच. काम करायचं नाही, परवानगीशिवाय तोक्योची हद्द ओलांडायची नाही, आणि आरोग्यविमा नाही. मुलीच्या विम्यात आई बसत नाही. मी म्हटलं, मग परत का पाठवत नाहीत? ती म्हणाली, "कुठे पाठवणार, आंटी? आजोबांचं गाव हैफाजवळ होतं, ते आता इस्राएलमध्ये. तिथे आम्हाला जाता येत नाही. लेबनॉनचा कागद संपला, नवा कोण देणार ते कोणीच सांगत नाही. आई कोणत्याच देशाची नाही."

कोणत्याच देशाची नाही. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, असं कसं, कोणता तरी देश असेलच. ह्यांचं बरोबर आहे. असेलच. कोणी नीट विचारलं नसेल.

६ ऑक्टोबर, सोमवार

मी नीट विचारायला गेले होते. सुआदताईंना घेऊन कुयाकुशोत, म्हणजे आपल्या भाषेत वॉर्ड ऑफिसात. सांगलीत मी नगरपालिकेतून काय काय काढून आणलंय! माणसाशी बोललं, ओळख काढली, दोनदा गेलं की होतं काम.

इथे कोणी अंगावर आलं असतं तर मी निस्तरलं असतं. काउंटरवरची मुलगी इतकी नम्र की भांडायला जागा नाही. तिने ऐकून घेतलं, वाकली, दुसऱ्या काउंटरवर नेलं. तिथला माणूस वाकला, आत जाऊन विचारून आला, पुन्हा वाकला. निवासाचा दर्जा नसेल तर विमा होत नाही, फार वाईट वाटतं. शेवटी तिसऱ्या मजल्यावर पाठवलं, तिथेही वाईटच वाटलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले, पण अगदी हळुवार.

मग मी हट्टाने त्यांना एका हॉस्पिटलात नेलं. विमा नसेल तर सगळा खर्च स्वतःचा, परदेशी माणसाला दर दुप्पट, आणि आधी अनामत. आकडा ऐकून मी पर्स उघडलीच होती, तर ताईंनी माझी बाही ओढली. "उम्म पुष्कर, चल. मला आता दुखत नाही." ट्रेनमध्ये मी चिडून बोलत होते आणि त्या माझ्याच पाठीवरून हात फिरवत होत्या.

ठरवलं. नाही ना बघत कोणी, मग मी बघते. घरी येऊन बीपी मोजलं. इतकं चढलेलं की मशीन बिघडलं असं वाटून मी स्वतःचं मोजून पाहिलं. ह्यांची बीपीची गोळी सुरू केली त्यांना, रोज एक. ह्यांना सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात ह्यांच्या बँकेतला दिगंबर मुंबईहून येणार आहे, तो आणेल.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. सुआदताई आणि हनान आल्या होत्या. हनान चार चकल्या खाऊन गेली. ताईंनी करंजी उचलली, तोंडाजवळ नेली आणि ठेवली. दिवसभर खपून केलेलं, मला थोडं लागलंच. तेवढ्यात कॉलनीतली अनुराधा कानात म्हणाली, त्यांच्यात चालत नसेल गं. काहीतरीच! करंजीत न चालण्यासारखं काय आहे?

बसल्या बसल्या हात खाजवत होत्या. अंग खरखरीत, ओरखड्यांनी भरलेलं. इथली हवा कोरडी पडायला लागली की होतं सगळ्यांना. खोबरेल तेल दिलं. रंगही उतरलाय. घरची आठवण येत असणार सणासुदीला. मलाही येते. पण मला जायला घर आहे, हे आज पहिल्यांदा मनात आलं आणि बरं नाही वाटलं.

निघताना दारात हळूच म्हणाल्या, आता पाठही दुखते, दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर. पेनकिलरच्या आणखी दोन पट्ट्या दिल्या. सूज आहे तशीच. अनुराधाचे सासरे गेले तेव्हाच्या त्यांच्या पाणी काढायच्या गोळ्या माझ्याकडे आहेत. त्या पण सुरू केल्या.

२ नोव्हेंबर, रविवार

सूज उतरली! घोटे दिसायला लागले. सुआदताईंनी मोजा खाली करून दाखवला, मुलीने नवं पैंजण दाखवावं तसा. म्हणाल्या, छावणीत होती तशी तू आमची डॉक्टर. ह्यांच्यापुढे मी जरा मिरवलंच. हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "कल्पना, त्या आपल्या कोणी नाहीत आणि तू डॉक्टर नाहीस. काही झालं तर आपला व्हिसा बँकेवर आहे, एवढं लक्षात ठेव." काय पण बोलणं! माणूस बरं झालेलं यांना बघवत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ताई चार दिवसांत वर आल्या नाहीत. मीच खाली गेले. झोपून होत्या. उलट्या होतायत, लघवीला फारसं होतच नाही म्हणाल्या. पोट बिघडलं असणार. मीठ-साखरेचं पाणी करून दिलं, आणि गोळ्या चुकवू नका म्हणून सांगितलं. त्यांनी उशाशी तिन्ही पट्ट्या नीट मांडून ठेवल्या होत्या.

रात्री झोप नाही लागली. काहीतरी माझ्या ध्यानात येत नाहीये. दादा असते तर विचारलं असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी हनानचा फोन, आई उठत नाही. मी धावत गेले. ताई डोळे उघडत होत्या पण मला ओळखत नव्हत्या. अरबीत कोणाशी तरी बोलत होत्या. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्सला पैसे पडत नाहीत इथे, आणि पाच मिनिटांत येते, याचं मी भारतात किती कौतुक सांगितलंय.

आली पाच मिनिटांत. आणि आमच्या इमारतीखालीच उभी राहिली. आतला माणूस एकामागून एक हॉस्पिटलला फोन लावत होता. वय, लक्षणं, विमा नाही, कागद नाही. ऐकायचा, थँक्यू म्हणायचा, पुढचा नंबर लावायचा. सातव्या-आठव्या फोनला एकाने हो म्हटलं. तोवर शाळेत निघालेली सगळी मुलं बाजूने गेली. मी ताईंचे पाय धरून बसले होते. ते थंड पडले होते.

दोन्ही किडन्या बंद पडत आल्या आहेत म्हणाले. लगेच डायलिसिसला घेतलं. तरुण डॉक्टर आहे, मिझुतानी सेन्सेई (इथे डॉक्टरांना सेन्सेई म्हणतात), इंग्रजी चांगलं. त्याने हनानला विचारलं, काही औषधं घेत होत्या का?

मी तिथेच होते. हनानने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "नाही. काहीच नाही."

त्याने पुन्हा विचारलं, पेनकिलर वगैरे? ती म्हणाली, नाही.

आणि मी मूग गिळून बसले. नंतर कॉरिडॉरमध्ये हनान म्हणाली, आईने शपथ घातली होती, आंटीचं नाव घ्यायचं नाही, त्यांना त्रास होईल. ह्यांना फोन केला तर हेही तेच म्हणाले. त्या वाचल्या तर वाचल्या, तू एक अक्षर बोलू नकोस. मी 'बरं' म्हटलं. खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणून आत्ता इथे लिहितेय, की बाई, तुला सुटल्यासारखं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी भेटायला गेले. सुआदताई शुद्धीवर होत्या, मानेत डायलिसिसची नळी. मला बघून हसल्या. नर्स बाहेर गेल्यावर मला जवळ बोलावलं आणि गादीखाली हात घालून पट्टी दाखवली. माझीच, पेनकिलरची. आज सकाळी एक घेतली म्हणाल्या. "हे लोक देतात त्याने दुखणं थांबत नाही. तू काळजी करू नकोस, मी तुझंच औषध घेतेय."

पट्टी त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. त्या दचकल्या. मी तशीच घरी जाऊन तिन्ही गोळ्यांची पाकिटं आणली आणि मिझुतानी सेन्सेईंच्या टेबलावर ठेवली. कधीपासून, दिवसाला किती, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणी दिल्या? मी म्हटलं, मी. ते लिहीत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी एका कागदावर किडनी काढली आणि समजावलं. ही एक गोळी दुबळ्या किडनीला घातक. ही दुसरी आणि तिसरी तिच्या जोडीला असली तर आणखी. तिन्ही एकत्र कोणीच देत नाही. सूज उतरली ती बरं होऊन नव्हे, गोळीने पाणी काढलं म्हणून. मी विचारलं, "माझ्यामुळे झालं का?"

ते म्हणाले, "आधीपासून त्रास होता, नक्की. किती आधीचं आणि किती तुमच्यामुळे, ते मला सांगता येणार नाही. वर्षापूर्वी एकदा रक्त तपासलं असतं तर सांगता आलं असतं."

घरी आल्यावर हे म्हणाले, सांगितलंस ना? मी हो म्हटलं. हे उठून स्वतःची बीपीची गोळी शोधायला लागले तर डब्यात एकही नव्हती. मीच सगळ्या दिल्या होत्या. डबा बंद करून परत ठेवला. बोलले असते तर मी रडले असते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गोळ्या बंद केल्यावर किडनी थोडी परतली. डायलिसिस सध्या थांबवलंय. पाचवा हिस्सा काम करतोय म्हणे. तेवढ्यावर माणूस जगतो, पण दर आठवड्याला रक्त तपासायचं, नेमकी औषधं द्यायची, आणि तसली जोराची पेनकिलर या जन्मात नाही. जरा चुकलं तर कायमचं डायलिसिस, आणि ते विम्याशिवाय कोणालाच झेपणारं नाही.

सुआदताईंना मी स्वतः सांगितलं. बाजूला स्टूल घेऊन बसले आणि म्हटलं, ताई, मी तुम्हाला चुकीचं औषध दिलं. त्या म्हणाल्या, तू दिलंस तरी. मी म्हटलं, माफ करू नका, रागवा माझ्यावर. तर म्हणतात, "रागवायला माझ्याकडे आणखी माणसं असती तर तुझ्यावर रागावले असते."

दोघी खिडकीबाहेर बघत बसलो.

रेखाचा फोन होता, तिच्या मुलीला खोकला आहे. मी म्हटलं, डॉक्टरकडे ने. ती म्हणाली, अगं तू दे ना काहीतरी. मी जरा जोरातच बोलले, "तुझ्याकडे विम्याचं कार्ड आहे ना? मग जा की!" तिने फोन ठेवला. रागावली असेल.

८ डिसेंबर, सोमवार

ताई घरी आल्या. ज्या हॉस्पिटलने घेतलं त्यांना यापुढे असंच चालवणं शक्य नाही. बिल हनान हप्त्याने फेडणार. पण तिथल्या समाजसेविकेने एक छोटं हॉस्पिटल शोधून दिलंय, ज्यांना देता येत नाही त्यांना कमी पैशात किंवा फुकट बघणारं. फोनवर हो म्हणाले! मी मिझुतानी सेन्सेईंना वाकून नमस्कार केला, इथल्यासारखा नाही, आपल्यासारखा. ते गडबडले.

फक्त ते हॉस्पिटल नदीपलीकडे आहे, चिबा प्रांतात. ट्रेनने अर्धा तास. आणि करीहोमेनवाल्या माणसाला प्रांताबाहेर जायला परवानगी लागते, दर वेळी. हनानने अर्ज केलाय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पहिल्या तपासणीची तारीख आज होती. परवानगी आली नाही. मी म्हटलं, ताई, चला सरळ. पुलावर कोण उभं आहे विचारायला? ट्रेनमध्ये बसायचं, उतरायचं. आम्ही नाही का विमानतळावरून इतकं काय काय आणत?

सुआदताईंनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुला पकडलं तर दंड होईल. मला पकडलं तर आत ठेवतील. मी आठ महिने आत होते, उम्म पुष्कर. तिथेही डॉक्टरसाठी अर्जच करायचा असतो."

आत होत्या हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कधी. हॉस्पिटलला फोन करून पुढची तारीख घेतली.

ह्यांनी आज आपणहून विचारलं, त्या परवानगीचं काय झालं. बँकेच्या वकिलाला विचारतो म्हणाले. मी म्हटलं, व्हिसाचं काय? म्हणाले, विचारायला काय जातंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दुसरी तारीखही गेली. वकील म्हणाले, वाट पाहा.

संध्याकाळी बेल वाजली. सुआदताई. थंडी वाढलीये, दोन जिने चढून आल्या होत्या, भिंतीला धरून. ओठ पांढरे. घोटे पुन्हा भरलेत, ते मी आधी पाहिलं. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, गुडघ्यांनी तीन रात्री झोपू दिलं नाही. हॉस्पिटलने दिलेली साधी गोळी पाण्यासारखी आहे. हनानला माहीत नाही, मी आले ते. आणि हात पुढे केला.

"एक दे. फक्त झोपेपुरती."

माझ्याकडे होत्या. फेकायला म्हणून काढून ठेवल्यात, पण इथे औषधं कोणत्या कचऱ्यात टाकायची ते अजून विचारलेलं नाही. आतल्या खोलीतच होत्या. एकीने काय होणार, असं एक क्षण मनात आलंच. मी म्हटलं, नाही ताई. आणि सांगायला लागले, की डॉक्टर म्हणाले आहेत, किडनीचा पाचवाच हिस्सा, परवानगी एक-दोन दिवसांत येईलच, तोवर...

त्यांनी हात वर केला. वर्गातल्या मुलाला गप्प करतात तसा.

"कारण नको सांगू. कारणं मला सगळी पाठ आहेत. तू नुसतं नाही म्हण."

मी नुसतं नाही म्हटलं.

त्यांनी मान हलवली. शेकायच्या पिशवीत गरम पाणी भरून देते म्हटलं, तर घेतली, थँक्यू म्हणाल्या, कुयाकुशोत म्हणाल्या होत्या तसंच. सोबत येते म्हटलं तर नको म्हणाल्या. एकेक पायरी, आधी एक पाय, मग दुसरा, मध्ये थांबून. खाली त्यांचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी जिन्याशी उभी होते.